घंटी आवळू नका

माझ्या सायकलीची घंटी सैल आहे. वरची वाटी पेचावर डुगडुगते आणि चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला तरी खुळ्ळ करते. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती मला आवळून देऊ केली. नातीनं तर एकदा पाना आणून कामाला सुरुवातच केली होती. तिच्या हातातला पाना हिसकावताना मी जे बोलले ते आजीला शोभणारं नव्हतं. तेव्हापासून घरात समजूत अशी आहे की पेच आजीचाच सैल झालाय. असू दे. सायकल माझी, घंटीही माझी, पण ती सैल ठेवायचा हुकूम सोजरबाईंचा. गेल्या वर्षी चाकणला मुलाच्या घरी सोजरबाई वारल्या. हुकूम मागं घ्यायला आता कुणी उरलेलं नाही.

हे सुरू झालं तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठ वर्षांची. टेलिफोनच्या ऑफिसातून नुकतीच निवृत्त झाले होते आणि जगाला सल्ला द्यायला मोकळी झाले होते. मुलानं गिअरची सायकल घेऊन दिली. तिला एकवीस गिअर होते, त्यातले मला दोन कळत. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, डोळ्यांवर काळा चष्मा आणि सलवारीच्या आत ती गादी शिवलेली चड्डी. असा सगळा साज करून मी पहिल्या रविवारी पहाटे निघाले, तेव्हा नवऱ्यानं पांघरुणातून डोकं काढून विचारलं, "कुठं, चंद्रावर?"

"खुलताबादला," मी म्हणाले.

"मग हरकत नाही. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही."

वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर असलेल्या प्रसादनं ही रविवारची सायकलवाली मंडळी जमवलेली होती. दोन प्राध्यापक, एक वकील, बाकी कंपन्यांतले. वर्षभर कुणी यायचं, कुणी दांडी मारायचं, पण फाल्गुन-चैत्रातले रविवार कुणी चुकवत नसे. थंडी ओसरलेली, ऊन अजून अंगावर धावून आलेलं नाही, आंब्याला मोहोर, कडुलिंबाला फूल आणि घाटाच्या वरच्या अंगाला पळस पेटलेला. छावणीत जमायचं, दौलताबादचा घाट चढून कागजीपुऱ्यावरून खुलताबादला जायचं, चहा प्यायचा आणि परत. संध्याकाळी आपापली फेरी ग्रुपवर टाकायची. किती अंतर झालं, फोटो, आणि 'भन्नाट', 'जबरदस्त' वगैरे. मी तर घाटात सायकल हातात धरून चढतानाचा काळ सोडून बाकी सगळं टाकत असे.

त्या पहिल्या पहाटे छावणीत एक बाई उभी होती. पन्नाशीची, उंच, काळी, लुगडं खोचलेलं, कानावरून फडकं बांधलेलं. जवळ जुनी काळी दांडीची सायकल. मला वाटलं, कुणाच्या तरी घरची कामवाली निरोप घेऊन आली असेल. मी माझी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "अगं, ही जरा भरून आण."

तिनं नळावरून भरून आणून दिली. मग लुगड्याचा काष्टा नीट केला, दांडीवरून पाय टाकला आणि निघाली.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर मी सायकलीला टेकून उभी होते. छाती भात्यासारखी चालत होती. वर पोचलेली ती बाई उतारावरून माझ्यासाठी परत खाली आली, माझ्यापाशी थांबली आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणाली, "म्याडम, बाटलीतलं पाणी संपलं आसन. आनू का भरून?"

'अगं'वरून मी 'अहो'वर आले ती त्या वळणावर. पुन्हा कधी खाली उतरले नाही.

सोजरबाई जळगाव रोडवर, सावंगीच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेत शिपाई होत्या. राहायला हर्सूलला. माहेर-सासर दोन्ही मेंढरांमागं फिरणारं. नवरा त्याच शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर नोकरी त्यांना मिळाली. "नोकरी बी त्याहिची, सायकल बी त्याहिचीच," त्या सांगत. "मानूस तेवढा घिऊन गेला देव." सायकल शिकल्या पस्तिसाव्या वर्षी, शाळेच्या मैदानात, सुट्टीच्या दिवशी, कारण पहिली बस यायच्या आत शाळेची घंटा द्यावी लागे. प्रसादची त्यांची गाठ कुठं पडली, त्यांनी त्याला चढावर कसं मागं टाकलं आणि त्यानं हात जोडून त्यांना मंडळीत कसं आणलं, ही कथा तो दर रविवारी सांगे आणि दर रविवारी त्यात चढ वाढे.

आम्ही अकरा शिकलेली माणसं होतो आणि सोजरबाईंच्या लेखी एक कळप होतो. यात अपमान नव्हता. त्यांना रस्त्यावर जिवंत वस्तू न्यायची दुसरी रीत माहीतच नव्हती. त्या पुढं असत आणि मागं हाकारा देत. "हुर्र्र, डावी!" म्हणजे समोरून गाडी. "हुर्र्र, खड्डा!" "हुर्र्र, रेती हाय, दाबू नका!" हा आवाज घाटाच्या दोन्ही भिंतींना आपटून यायचा. मी पहिल्या महिन्यात हे फार मनावर घेतलं नाही. टेलिफोनच्या ऑफिसात चाळीस माणसं सांभाळलेल्या बाईनं मेंढीसारखं का वळावं? मग कागजीपुऱ्याच्या वळणावर "डावी" ऐकूनही मी मानानं उजवीकडंच राहिले आणि शेणखताच्या ढिगात हेल्मेटसकट गेले. सोजरबाईंनी मला ओढून काढलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "चांगलं मुरल्यालं हाय. कायी लागलं नसंल."

सायकलींना त्या जनावरंच समजत. चहाला थांबलो की आधी बघायच्या, कुणाची उन्हात आहे. "वकीलसाहेब, जनावर सावलीला बांधा." कुणी सायकल जमिनीवर आडवी टाकली तर त्यांना बघवत नसे. प्रत्येक सायकलीचा आवाज त्यांना पाठ होता. प्रसादची साखळी किरकिरे, वकिलांचा मडगार्ड थरथरे आणि माझी घंटी खुळखुळे. ती घंटी मी पहिल्याच महिन्यात आपटून सैल केली होती. "म्होरक्या मेंढीच्या गळ्यात आसती तसली घाटी हाय तुमची," त्या म्हणाल्या. मी खूश झाले. मला पहिल्यापासून पुढं राहायची हौस. म्होरकी म्हणजे पुढारी असं मी समजले. ती घाटी राखणाऱ्याच्या कानासाठी असते, हे तेव्हा सुचलं नाही.

प्रत्येक थांब्यावर त्या आम्हाला मोजत. आणि मोजताना स्वतःलाही धरत. मी एकदा विचारलं, राखणारा स्वतःला कशाला मोजतो? म्हणाल्या, "राखनाराच हरवला तर मोजल कोन?" संध्याकाळी ग्रुपवर आमचे फोटो पडत तेव्हा त्यांचा फोटो कधीच नसे. त्यांचा आवाज यायचा. रस्ता कुठं उखडलाय, कोणत्या विहिरीला पाणी आहे, पळस कितवर आलाय, आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "बारा गेलो, बारा आलो."

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.

दुसऱ्या की तिसऱ्या फाल्गुनातली गोष्ट. कागजीपुऱ्याच्या अलीकडं कडुलिंबाखाली आम्ही दोघी मागं राहिलो होतो. माझ्या हातात थर्मासच्या झाकणातला चहा होता. सोजरबाई म्हणाल्या, "म्याडम, तुमाला इचारावं म्हनलं. रातीच्याला दिव्याला कडं दिसाया लागलंय. चंद्राला खळं पडतं बगा, तसं. आन डोळ्याच्या वर ठनकतं कवा कवा."

मी झाकण खालीसुद्धा ठेवलं नाही. "मोतीबिंदू," मी म्हणाले.

"आसं?"

"माझ्या सासूबाईंना अगदी हेच झालं होतं. दिव्याभोवती कडं."

"मंग काय करावं?"

"काही नाही. पिकू द्यायचा. कच्चा मोतीबिंदू काढत नाहीत. आंबा कसा, पाडाला आल्याशिवाय उतरवत नाही आपण? तसंच." ही उपमा मला तिथल्या तिथं सुचली होती आणि मला ती फार आवडली.

"किती दिस लागतेत पिकायला?"

"दोनेक वर्षं." सासूबाईंना तेवढी लागली होती.

सोजरबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "बरं झालं इचारलं. म्याडमनी सांगतलं मंजी झालं." आणि त्यांनी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

मोतीबिंदू पिकायची वाट हल्ली कुणी बघत नाही, ती माझ्या सासूबाईंच्या काळातली समजूत. आणि सोजरबाईंना मोतीबिंदू नव्हताच. पण हे मला दोन वर्षांनी कळायचं होतं. तोवर मी दर वसंतात विचारत होते, "काय म्हणतोय मोतीबिंदू?" आणि त्या म्हणायच्या, "आजून पिकंना." मी म्हणायचे, "येईल हो पाडाला." आम्ही दोघी हसायचो. एकदा मी ग्रुपवरही ही चेष्टा टाकली होती. अंगठ्यांची रांग लागली होती.

दोन वर्षांनंतरच्या फाल्गुनात दौलताबादच्या अलीकडचा रस्ता नवा झाला. काळाभोर, गुळगुळीत. आम्ही मजेत चाललो होतो आणि पुढून सोजरबाई ओरडल्या, "हुर्र्र, खड्डा! उजवी घ्या!" अकराच्या अकरा शिकलेली माणसं नसलेल्या खड्ड्याला वळसा घालून गेली. पुढं गेल्यावर प्रसाद ओरडला, "मावशी, खड्डा वारला!" सगळे हसले. सोजरबाईही हसल्या, पण जराशा उशिरा. तो उशीर मी ऐकला आणि सोडून दिला.

त्याच्या पुढच्या रविवारी माझी सायकल दुकानातून सर्व्हिसिंग होऊन आली होती. साखळी चकचकीत, ब्रेक नवे, आणि दुकानदारानं न सांगता घंटी आवळून दिली होती. सायकल पाण्यासारखी चालत होती. खुलताबादला पोचलो, चहा सांगितला, सोजरबाई मोजायला लागल्या. कान एका बाजूला कलता करून, एकेक सायकल सावलीला लागताना ऐकत. मोजून झालं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"येक कमी हाय."

"नाही हो," प्रसाद म्हणाला.

"म्याडम नायत. घाटात राहिल्या. कुनीतरी मागं जावा." त्यांनी सायकलीकडं धाव घेतली. "आरं पडल्या आसतेल त्या! मागं येकदा शेनात पडल्या व्हत्या!"

मी त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी होते. हात लांब केला असता तर पदराला लागला असता इतकी जवळ. पिवळाधमक कुडता घालून.

"सोजरबाई," मी म्हणाले.

त्या गर्रकन वळल्या. आधी तिसरीकडंच बघितलं, मग मान फिरवत फिरवत मला शोधलं. मी सापडल्यावर त्यांनी माझ्या सायकलीवर हात फिरवला, घंटी चाचपली आणि भांडायच्या सुरात म्हणाल्या, "ही कुनी आवळली? कुनी सांगतलं व्हतं आवळाया?"

सगळे चहा पीत होते. मी माझा पेला न पिताच खाली ठेवला.

सोमवारी मी त्यांना मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक यंत्र असतं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठंकुठं बारीक ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. सोजरबाई अंगठा बटणावर ठेवून शाळेतल्या हुशार मुलीसारख्या ताठ बसल्या. मी मागं खुर्चीवर. यंत्राची कुर्र कुर्र चालू होती. त्यांचा अंगठा मधूनच एखाद्या वेळी हलायचा. बऱ्याच वेळानं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्याडम, मशीन चालू झाली का?"

ती बसल्यापासून चालू होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी कागद बघितला आणि काचबिंदू म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस मरत जाते, नजर कडेकडेनं विझत येते. मोतीबिंदू असता तर काढला असता. यात गेलं ते गेलं. उरलंय ते किती टिकतं बघू, थेंब घाला.

"इतकी वर्षं काय करत होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"पिकायची वाट बघत व्हते," सोजरबाई म्हणाल्या.

"काय?"

"मोतीबिंदू. पिकू द्यावा म्हनतेत."

"कुणी सांगितलं असलं तुम्हाला?"

मी मांडीवर पर्स आणि फाईल घेऊन बसले होते. चष्मा, घड्याळ, इस्त्रीची साडी. सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघूनच म्हणाल्या, "आमच्यात म्हनतेत तसं. गावाकडं."

"हा अडाणीपणा नडतो तुम्हा लोकांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." आणि मग माझ्याकडं वळून, "बरं झालं, तुम्ही तरी घेऊन आलात."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. खालची सगळ्यांत बारीक ओळ मला स्वच्छ दिसत होती. मी ती मनात वाचली. पुन्हा वाचली. बोलले नाही. माझ्या बडबडीबद्दल नवरा जन्मभर देवाला दोष देत आला. त्या खोलीत मला गप्प बसायला जमलं.

रिक्षात सोजरबाई थेंबांची बाटली मुठीत धरून बसल्या होत्या. घरापाशी उतरताना एवढंच विचारलं, "मंजी आता ह्ये पिकनार नाय?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं."

पुढचं वर्ष मी त्यांच्यामागं लागले. थेंब घातले का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, मुंबईला जाऊ. आयुर्वेद, मध, गाजरं, एका बाईनं सांगितलेलं अंजन. जे जे मी ऑफिसात असताना हसण्यावारी नेलं असतं ते सगळं घेऊन मी हर्सूलला जात होते. त्या प्रत्येक गोष्ट शांतपणे घेत आणि फडताळात ठेवत. एकदा फडताळ उघडं राहिलं होतं, तेव्हा दिसलं. सगळं जसंच्या तसं रांगेनं लावलेलं, थेंब सोडून काहीही न उघडलेलं. "आता कुनाचं ऐकू म्हनता?" त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी फडताळाचं दार लावलं.

शाळेत जाणं त्यांनी सोडलं नाही. मधोमध एक भोक उरलं होतं, "पाव्याच्या भोकातून बगावं तसं." त्यातून समोरचा पांढरा पट्टा धरून त्या पहाटे जात. मग एक दिवस शाळेत घंटा द्यायला हातोडी उचलली आणि ती लोखंडी रुळाला न लागता बाजूच्या हवेतून गेली. पुन्हा मारली, पुन्हा हवा. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी डाव्या हातानं रूळ चाचपून धरला आणि धरलेल्या हातावरच टोला बसला. हेडमास्तरांनी मुलाला फोन केला. दत्ता चाकणला टेम्पो चालवतो. सरळ माणूस. म्हणाला, "रविवारी येतो, आयला घिऊन जातो."

शुक्रवारी मला सोजरबाईंचा फोन आला.

"म्याडम, पळस फुलला का?"

"फुलला."

"मला कळंना. लिंब वासानं कळतो, आंब्याचा मव्हर कळतो. ह्या मेल्या पळसाला वासच नाय." पुढं म्हणाल्या, "येकदा आख्खा डोंगूर बगायचाय. मग चाकन तर चाकन."

प्रसाद तयार नव्हता. "काकू, हा वेडेपणा आहे. घाट आहे तो. काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. ती केव्हाचीच होती. त्याला ठाऊक नव्हतं एवढंच. शेवटी ठरलं ते असं. सपाटीवर त्या माझ्या मागून येतील, घाट चालत चढायचा, आणि वरून खाली उतरताना त्यांना भाड्याच्या जीपमध्ये बसवायचं. दत्ता टेम्पो घेऊन घाटाच्या पायथ्याशी थांबेल.

शनिवारी मी पाना घेऊन बसले आणि घंटी सैल केली. आवळलेली वस्तू हवी तेवढीच सैल करायला फार वेळ लागतो. कधी मुकी होते, कधी गळून हातात येते.

रविवारी घाटाच्या वर, पळसाच्या डोंगरासमोर आम्ही थांबलो. पान एक नाही, नुसती फुलं. बाकीचे फोटो काढत पुढं गेले. सोजरबाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर उभ्या राहिल्या आणि बघू लागल्या. मान डावीकडून उजवीकडं, इतकी हळू की हलतेय हे कळू नये. कडेला पोचली की बोटभर खाली आणि पुन्हा उजवीकडून डावीकडं. तुकडा तुकडा जोडत होत्या. गोधडी शिवावी तसा डोंगर शिवत होत्या. ऊन वर आलं. मी सावली धरायला गेले तर म्हणाल्या, "सरका. टाका चुकल."

झालं तेव्हा त्या दगडावर बसल्या. डोळे पुसले. थेंबांनी त्यांच्या डोळ्यांना तसंही पाणी येई.

"सोजरबाई," मी म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी बोलायला हवं होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "बोलाया पाहिजे व्हतं."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील जाऊ द्या.  

"तुम्हाला माझा राग येत असेल."

"येतो की. रोज सकाळच्याला येतो, चा पितानी. लई येतो." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "तुमाला कुनी सांगतलं व्हतं, पिकू द्यावा म्हून?"

"सासूबाईंनी."

"त्याहिला कुनी?"

"त्यांच्या सासूनं असेल."

"लई लांबचा कळप हाय मग," त्या म्हणाल्या आणि उठल्या. सायकल धरली. "तुमी म्होरं व्हा. मी मागून येते."

"जीप येतेय ना."

"जिपीत बसून डोंगूर उतरतेत व्हय कुनी? मेंढरं बी नाय उतरत. म्होरं व्हा, घाटी वाजू द्या. मला घाट पाठ हाय, फकस्त वळन कवा येतं ते कळू द्या."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग आठवलं, या बाईला काय करावं काय करू नये हे मी एकदा सांगून बसले आहे.

जन्मभराची हौस अशी फिटली. मी सगळ्यांच्या पुढं होते. आयुष्यभर खड्डे चुकवत आले, त्या उतारावर मी खड्डे शोधून शोधून त्यांत सायकल घातली. खुळ्ळ. खुळ्ळ. नवा रस्ता गुळगुळीत लागला की अंगठ्यानं वाटी हलवायची. मागं बघायची सोय नव्हती. "हुर्र्र, डावी!" मी ओरडले. आवाज फाटला, शेळीसारखा निघाला. मागून काहीच नाही. पुन्हा ओरडले. मग कुठून तरी खोलातून आलं, "हुर्र्र!" मी देवाचं नाव घेत नव्हते, नुसती घंटी मोजत होते.

खाली घाटात जुन्या दरवाजाची कमान आहे. तिच्यात एका वेळी एकच गाडी मावते. मी वळले आणि कमानीत समोरून बस घुसली. ब्रेक दाबले, थांबले. सायकल थांबली तशी घंटीही थांबली.

ती शांतता मला आजही ऐकू येते. मागून त्या येत होत्या, आवाजाच्या भरवशावर, आणि आवाज बंद. मी दोन्ही हातांनी ती वाटी धरून बडवली, खडखडवली, वेड्यासारखी. बसचा ड्रायव्हर खिडकीतून बघत राहिला. मग माझ्या मागच्या मडगार्डला काहीतरी टेकलं. अगदी अलगद.

"थांबला का कळप?" सोजरबाई म्हणाल्या.

पायथ्याशी टेम्पो उभा होता. बाकीचे एकेक उतरत आले. सोजरबाईंनी कान कलता करून मोजले. "बारा गेलो, बारा आलो." दत्तानं काळी सायकल मागं चढवली, दोरीनं बांधली, आईला पुढं बसवलं. "आय, चल. ऊन झालं."

"थांब. बगू दे."

आम्ही रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे होतो. त्यांनी मान हळूहळू फिरवायला सुरुवात केली, डोंगर बघितला तशी. वकिलांवर थांबल्या. मग प्राध्यापकांवर. मग पुढच्यावर. एकेक माणूस त्या भोकात पूर्ण येईपर्यंत थांबायच्या आणि सरकायच्या. प्रसाद रडत होता, त्याच्यावर जरा जास्त थांबल्या. प्रसादच्या शेजारी मी होते.

मी मान वर केली तेव्हा टेम्पो चालू झाला होता आणि त्यांचं तोंड पुढं वळलं होतं. त्यांनी मला बघितलं की सोडून पुढं गेल्या, मला सांगता येत नाही. त्या वेळी मी खाली बघत होते. घंटीची वाटी बोटानं फिरवत.